‘ॲक्टिव्ह’ या शब्दाचा खरा अर्थ: बीजीपीचे सेशन कसे जुळते

राउटरवर शेजाऱ्यांची, म्हणजे ज्या राउटरांशी तो मार्गांची माहिती वाटून घेतो त्यांची, यादी मागवली आणि एखाद्या शेजाऱ्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द दिसला, की हे काम नव्याने शिकणाऱ्याला सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. शब्दाचा रोजचा अर्थ तसाच आहे. बीजीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नेटवर्के एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, मात्र त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो: शेजाऱ्याशी अजून बोलणेच सुरू झालेले नाही, टीसीपीची, म्हणजे संदेश खात्रीने पोहोचवणाऱ्या खालच्या थराची, साधी जोडणीसुद्धा मिळालेली नाही आणि राउटर ती मिळण्याची वाट पाहत आहे. सेशन खरोखर जुळले असेल, तर अनेक राउटरांवर त्या जागी अवस्थेचे नाव दिसतच नाही. तिथे शेजाऱ्याकडून मिळालेल्या मार्गांची संख्या छापलेली असते. म्हणूनच नवीन सहकाऱ्यांना हे काम शिकवताना मी आज्ञांपासून सुरुवात करत नाही. सेशन जुळेपर्यंत राउटर ज्या सहा अवस्थांमधून जातो, त्यांपैकी प्रत्येक अवस्थेत तो नेमकी कशाची वाट पाहत असतो, हे मी आधी समजावतो. कारण सेशन अडले, की ते कोणत्या पायरीवर अडले हे त्या अवस्थेच्या नावातच लिहिलेले असते, आणि ते वाचता आले तर तासन्‌तास कॉन्फिगरेशन चाळण्याची वेळ सहसा येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंटरनेट हे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचे मिळून बनलेले आहे, आणि यातील प्रत्येक नेटवर्कला, म्हणजे स्वायत्त प्रणालीला, स्वतःचा एक एएस क्रमांक असतो. कोणत्या पत्त्यांपर्यंत आपल्याकडून पोहोचता येईल हे या प्रणाली एकमेकींना ज्या प्रोटोकॉलने कळवतात तो म्हणजे बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन येथे भरलेल्या आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकीदरम्यान कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर त्याचा पहिला आराखडा काढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी ११०५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाला. आज आपण वापरतो ती चौथी आवृत्ती असून तिचे सध्याचे मूळ वर्णन जानेवारी २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये आहे.

त्या पहिल्या आराखड्यातील एक निर्णय मला आजही अत्यंत शहाणपणाचा वाटतो. बीजीपीच्या आधी वापरात असलेला ईजीपी हा प्रोटोकॉल थेट आयपीवर चालत असे, त्यामुळे हरवलेला संदेश पुन्हा मागण्याची जबाबदारी त्याच्यावरच येत असे. बीजीपीने ही सगळी कामे टीसीपीवर सोपवली आणि स्वतःसाठी १७९ क्रमांकाचा पोर्ट घेतला. संदेश पोहोचणे, क्रमाने पोहोचणे आणि दोनदा न पोहोचणे, याची हमी टीसीपी देतो. बीजीपीने फक्त काय बोलायचे एवढेच ठरवायचे. या निर्णयामुळे प्रोटोकॉल साधा राहिला, पण त्यातूनच एक परिणाम असाही निघतो, की टीसीपीच्या वाटेत जे जे काही अडते ते ते बीजीपीचा दोष असल्यासारखे दिसते. याचा मला आलेला एक अनुभव पुढे सांगणार आहे.

सुरुवात ‘आयडल’ या अवस्थेपासून होते. या अवस्थेत राउटर स्वतः जोडणी मागत नाही आणि शेजाऱ्याने मागितली तरी देत नाही. शेजारी मुद्दाम बंद करून ठेवलेला असेल, त्याच्या पत्त्यापर्यंत जाण्याची वाटच राउटरला ठाऊक नसेल किंवा आधीचे सेशन नुकतेच चुकीमुळे तुटल्याने पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी तो काही काळ थांबला असेल, तर आयडल दिसते. प्रारंभाची सूचना मिळताच तो शेजाऱ्याच्या १७९ पोर्टाकडे टीसीपीची जोडणी मागतो आणि ‘कनेक्ट’ अवस्थेत जातो. ती जोडणी पूर्ण झाली तर पुढची वाटचाल सुरू होते. झाली नाही तर तो ‘ॲक्टिव्ह’मध्ये येतो, म्हणजे आता शेजाऱ्याने जोडणी मागावी यासाठी कान देऊन बसतो, आणि पुनर्प्रयत्नाचा टाइमर संपला की पुन्हा स्वतः मागायला जातो. या टाइमरसाठी आरएफसीने सुचवलेले मूल्य १२० सेकंदांचे आहे. कनेक्ट आणि ॲक्टिव्ह यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारे सेशन हे त्यामुळे टीसीपीच्या पायरीवर अडलेले सेशन असते. तिथे एएस क्रमांक बरोबर आहे का, पासवर्ड वगळता बाकीच्या अटी जुळतात का, असल्या गोष्टी तपासण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे, कारण त्या गोष्टींची देवाणघेवाण अजून झालेलीच नसते.

या टप्प्यावर एक भेद ओळखण्याची सवय मी आवर्जून लावून घ्यायला सांगतो. जोडणीची मागणी केल्यावर समोरून स्पष्ट नकार येतो, की समोरून काहीच येत नाही? नकार येत असेल, म्हणजे टीसीपीचा रीसेट परत येत असेल, तर पॅकेट पलीकडे पोहोचत आहे आणि पलीकडचा राउटर आपल्याला ओळखत नाही. याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आपण ज्या पत्त्यावरून बोलतो आहोत तो पत्ता त्याच्या यादीत शेजारी म्हणून नोंदवलेला नसणे. एकाच नेटवर्कमधील दोन राउटर आपापल्या लूपबॅक पत्त्यांवरून, म्हणजे कोणत्याही एका तारेला न बांधलेल्या राउटरच्या स्वतःच्या पत्त्यांवरून, सेशन जुळवणार असतील, पण त्यांपैकी एकाला बोलताना लूपबॅकचाच पत्ता वापरायचा असे सांगायचे राहून गेले असेल, तर तो बाहेरच्या इंटरफेसच्या पत्त्याने दार ठोठावतो आणि त्याला परत पाठवले जाते. उलट काहीच येत नसेल, तर पॅकेट कुठेतरी टाकून दिले जात आहे. मधला फायरवॉल हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण चटकन लक्षात येत नाही: दोन्ही बाजूंनी एमडी५ सहीची, म्हणजे सामाईक पासवर्डवरून प्रत्येक पॅकेटवर खूण घालण्याची, सोय चालू केलेली असेल आणि पासवर्डमध्ये एका अक्षराचा जरी फरक असेल, तर चुकीची सही असलेले पॅकेट राउटर मुकाट्याने टाकून देतो आणि उत्तर पाठवत नाही. १९९८ च्या आरएफसी २३८५ मध्ये हे वर्तन जाणीवपूर्वक ठरवलेले आहे, कारण अनोळखी माणसाला आपण इथे आहोत एवढेही कळू द्यायचे नाही हाच त्यामागचा हेतू आहे.

पॅकेट किती राउटरांपर्यंत जाऊ शकते हे सांगणाऱ्या टीटीएल या आकड्याकडेही याच पायरीवर पाहावे लागते. दोन वेगळ्या स्वायत्त प्रणालींमधील सेशनसाठी राउटर साधारणपणे पॅकेटवर टीटीएल १ असा घालतो, म्हणजे शेजारी थेट तारेच्या दुसऱ्या टोकाला नसेल तर पॅकेट मधल्या पहिल्याच राउटरवर संपते. आरएफसी ५०८२ मध्ये सांगितलेली युक्ती याच्या नेमकी उलट आहे आणि मला ती फार आवडते. पाठवणाऱ्याने टीटीएल २५५ घालायचा आणि घेणाऱ्याने २५५ नसलेले पॅकेट स्वीकारायचेच नाही. टीटीएलचा आकडा २५५ च्या वर जाऊ शकत नाही आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, त्यामुळे दूरवरून कोणी कितीही चलाखीने बनावट पॅकेट तयार केले, तरी ते शेजाऱ्याकडे पोहोचेपर्यंत त्याचा आकडा उतरलेलाच असतो. मात्र एका बाजूने ही सोय चालू केली आणि दुसरी बाजू अजून १ घालूनच पाठवत राहिली, तर सेशन पुन्हा ॲक्टिव्हमध्येच घुटमळते.

टीसीपीची जोडणी झाली की दोन्ही राउटर एकमेकांना ‘ओपन’ हा संदेश पाठवतात आणि ‘ओपनसेंट’ अवस्थेत समोरच्याच्या ओपनची वाट पाहतात. बीजीपीच्या प्रत्येक संदेशाला १९ बाइटांचे शीर्ष असते. त्यातील पहिल्या १६ बाइटांमध्ये सगळे बिट १ असतात, त्यापुढच्या २ बाइटांत संदेशाची लांबी आणि शेवटच्या बाइटात त्याचा प्रकार असतो. ते सोळा बाइट पूर्वी ओळख पटवण्यासाठी राखलेले होते, आता केवळ जुन्याशी मेळ राहावा म्हणून तसेच ठेवले आहेत. ओपन संदेश स्वतः कमीत कमी २९ बाइटांचा, म्हणजे अगदीच लहान असतो, पण सेशनचे भवितव्य त्यातच ठरते. त्यात बीजीपीची आवृत्ती असते, पाठवणाऱ्याचा एएस क्रमांक असतो, होल्ड टाइम (समोरून काहीच ऐकू न आल्यास सेशन तोडण्यापूर्वी किती वेळ थांबायचे तो आकडा) असतो, चार बाइटांचा बीजीपी आयडेंटिफायर, म्हणजे राउटरची ओळख सांगणारा क्रमांक, असतो आणि शेवटी आपल्याला काय काय जमते याची यादी असते.

एएस क्रमांकाच्या रकान्यात या प्रोटोकॉलच्या वाढीचा इतिहास दिसतो. तो रकाना दोनच बाइटांचा आहे, त्यामुळे त्यात ६५५३५ च्या वरचा क्रमांक मावत नाही, आणि क्रमांक संपत आले तेव्हा चार बाइटांचे क्रमांक आणावे लागले. ओपन संदेशाचा साचा बदलला असता, तर जगभरातील जुन्या राउटरांना तो वाचता आला नसता. म्हणून मोठा क्रमांक असलेला राउटर त्या जुन्या रकान्यात २३४५६ हा राखीव क्रमांक लिहितो आणि आपला खरा क्रमांक क्षमतांच्या यादीत ६५ क्रमांकाच्या नोंदीत कळवतो. ज्याला ती नोंद समजते तो खरा क्रमांक घेतो. ज्याला समजत नाही तो २३४५६ शी बोलत असल्याचे मानून चालतो आणि तरीही सेशन जुळते. जुन्या घराच्या भिंतीला धक्का न लावता नवीन खोली जोडावी, तसे हे काम झाले आहे.

समोरचा क्रमांक आपण नोंदवलेल्या क्रमांकाशी जुळला नाही, तर राउटर ‘नोटिफिकेशन’ पाठवतो आणि जोडणी तोडतो. प्रत्येक नोटिफिकेशनमध्ये चुकीचा मुख्य क्रमांक आणि उपक्रमांक असतो: चुकीचा एएस म्हणजे २ आणि २, न पटलेला होल्ड टाइम म्हणजे २ आणि ६, तर होल्ड टाइमर संपला म्हणजे ४. हे आकडे लॉगमध्ये नोंदलेले असतात आणि ते वाचण्याआधी कॉन्फिगरेशन बदलायला घेणे हा माझ्या मते या कामातील सर्वांत महागडा उतावीळपणा आहे. नोटिफिकेशन आपण पाठवले की आपल्याला आले, हेही पाहिले पाहिजे, कारण तक्रार ज्याने केली त्याच्याच बाजूने ती समजून घ्यावी लागते.

होल्ड टाइमवर मात्र भांडण होत नाही. दोघांनी कळवलेल्या दोन आकड्यांपैकी जो लहान असेल तो दोघांनाही लागू होतो. आरएफसीने ९० सेकंद सुचवले आहेत, अनेक राउटरांवर तो १८० असतो. एकाने १८० आणि दुसऱ्याने ९० कळवले, तर सेशन ९० वर चालते आणि त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३० सेकंदांनी, प्रत्येकजण ‘कीपअलाइव्ह’ हा आपण अजून आहोत एवढेच कळवणारा संदेश पाठवत राहतो. १ आणि २ सेकंदांचा होल्ड टाइम निषिद्ध आहे. ० चालतो, पण त्याचा अर्थ कीपअलाइव्ह पाठवायचेच नाहीत असा होतो.

आता ज्या भागाचे मला सर्वाधिक कौतुक वाटते त्याकडे येतो. दोन्ही राउटर एकाच वेळी एकमेकांकडे जोडणी मागू शकतात, कारण इथे कोणी मालक आणि कोणी सेवक नसतो. मग त्या दोघांमध्ये एकाऐवजी दोन टीसीपी जोडण्या तयार होतात, आणि त्यांपैकी एक बंद केली पाहिजे. प्रत्येकाने आपल्या मनाने एक बंद केली, तर दोघांनी नेमक्या वेगवेगळ्या बंद करून दोन्ही गमावण्याचा धोका असतो. आणि कोणती ठेवायची हे ठरवण्यासाठी आणखी संदेश पाठवायचे, तर गुंता आणखी वाढतो. बीजीपीचे उत्तर असे, की ज्याचा आयडेंटिफायर मोठा, त्याने सुरू केलेली जोडणी राहील. दोघांचेही आयडेंटिफायर ओपन संदेशातून दोघांना कळलेले असतात, त्यामुळे एकही अधिकचा शब्द न बोलता दोघेही एकाच निर्णयावर येतात. आयडेंटिफायर आयपी पत्त्यासारखा लिहिला जात असला, तरी तुलना करताना तो चार बाइटांची एक अखंड संख्या मानला जातो, म्हणून १९२.०.२.१ पेक्षा १९८.५१.१००.७ मोठा ठरतो. दोन वेगळ्या प्रणालींमधील राउटरांचे आयडेंटिफायर योगायोगाने सारखेच निघाले तर काय, हा प्रश्नही २०११ च्या आरएफसी ६२८६ ने सोडवला आहे: तशा वेळी मोठा एएस क्रमांक असलेल्याची जोडणी टिकते. लॉगमध्ये क्वचित दिसणारी टकरीची नोंद पाहून घाबरण्याचे कारण नसते. दोघांनी एकाच क्षणी हात पुढे केला होता, एवढाच तिचा अर्थ असतो.

समोरचा ओपन मान्य झाला की राउटर एक कीपअलाइव्ह पाठवून ‘ओपनकन्फर्म’ अवस्थेत जातो आणि समोरूनही तसाच कीपअलाइव्ह येताच अवस्था ‘एस्टॅब्लिश्ड’ होते. हा कीपअलाइव्ह म्हणजे नुसते १९ बाइटांचे शीर्ष. त्यात दुसरा मजकूर काहीच नसतो. इथून पुढे ‘अपडेट’ संदेशांमधून मार्गांची देवाणघेवाण सुरू होते.

एस्टॅब्लिश्ड दिसले म्हणजे काम संपले, असे मीही मानत असे. एकदा एका मोठ्या नेटवर्कशी नवीन सेशन जुळवताना ते सेशन विनासायास एस्टॅब्लिश्ड झाले, जवळपास तीन मिनिटे टिकले, होल्ड टाइमर संपला म्हणून तुटले, लगेच पुन्हा जुळले आणि पुन्हा तीन मिनिटांनी तुटले. नोटिफिकेशन आमचा राउटर पाठवत होता, म्हणजे १८० सेकंदांत शेजाऱ्याकडून काहीच ऐकू आलेले नव्हते. पलीकडचे अभियंते त्यांच्या नोंदी दाखवून सांगत होते, की त्यांचा राउटर दर ६० सेकंदांनी कीपअलाइव्ह पाठवत आहे. पिंग, म्हणजे पोहोच तपासणारे साधे पॅकेट, चालत होते. रात्रीचे कित्येक तास दोन्ही बाजू एकमेकींकडे संशयाने पाहत राहिल्या आणि शेवटी असे निघाले, की दोघेही खरेच बोलत होते.

दोन्ही राउटरांचे इंटरफेस ९००० बाइटांची पॅकेटे नेण्यासाठी ठरवलेले होते, पण मधल्या वाहतुकीच्या जोडणीवरचा एक स्विच १५०० च्या वरचे काही पुढे जाऊ देत नव्हता आणि त्याबद्दल कोणालाही काही कळवत नव्हता. टीसीपीची जोडणी मागणारे पॅकेट लहान असते, ते गेले. ओपन लहान होता, तोही गेला. पहिला कीपअलाइव्ह १९ बाइटांचा, तोही पोहोचला आणि सेशन एस्टॅब्लिश्ड झाले. त्यानंतर शेजाऱ्याने संपूर्ण इंटरनेटचे मार्ग पाठवायला घेतले. आयपीव्ही४ चे मार्गच आज नऊ लाखांहून अधिक आहेत, तेव्हा टीसीपीने अपडेट संदेश एकत्र करून मोठी पॅकेटे भरली आणि ती सगळी त्या स्विचवर संपू लागली. टीसीपीने ती पुन्हा पुन्हा पाठवली. दरम्यान पलीकडचा राउटर प्रामाणिकपणे कीपअलाइव्ह तयार करत होता, पण टीसीपी सगळे बाइट क्रमाने देण्याची हमी देतो, आणि कीपअलाइव्ह त्या अडकलेल्या अपडेटच्या मागे रांगेत उभे होते. पुढचे पोहोचल्याशिवाय मागचे आमच्या बीजीपीला मिळणे शक्यच नव्हते. आम्ही मात्र त्यांना थोडेच मार्ग पाठवत होतो, ती पॅकेटे लहान होती, त्यामुळे त्यांना आमचे सगळे ऐकू येत होते आणि आम्हाला त्यांचे काहीच येत नव्हते. पॅकेटचे तुकडे करू नयेत अशी खूण घालून मोठ्या आकाराचे पिंग पाठवले आणि एका मिनिटात उलगडा झाला. तेव्हापासून नवीन जोडणीवर बीजीपी चालू करण्यापूर्वी मी पूर्ण आकाराचे पिंग दोन्ही दिशांनी पाठवून पाहतो. लहान पिंगच्या यशाला मी पुरावा मानत नाही.

एस्टॅब्लिश्ड असूनही मार्ग शून्य दिसण्याची आणखी दोन कारणे आहेत. क्षमतांच्या यादीत दोघांनीही आयपीव्ही६ कळवलेले नसेल, तर सेशन जुळते, पण त्या प्रकारचा एकही मार्ग त्यावरून जात नाही. दुसरे कारण २०१७ च्या आरएफसी ८२१२ चे आहे: वेगळ्या प्रणालीशी असलेल्या सेशनवर काय घ्यायचे आणि काय द्यायचे याचे धोरण लिहिलेले नसेल, तर राउटरने काहीच घेऊ नये आणि काहीच देऊ नये, असे तो सांगतो. पूर्वी अनेक राउटर अशा वेळी सगळेच घेत आणि सगळेच देत, त्यामुळे एका विसरलेल्या ओळीमुळे एका शेजाऱ्याचे मार्ग दुसऱ्या शेजाऱ्याकडे गळत असत. सुरुवातीला हा नियम काहींना जाचक वाटला, पण विसरल्यावर आपले सेशन रिकामे राहणे हे इतरांची वाहतूक भलतीकडे नेण्यापेक्षा केव्हाही बरे, असे माझे ठाम मत आहे.

सेशन मुद्दाम बंद करण्यालाही एक सभ्य रीत आहे आणि ती फार कमी जण वापरतात. देखभालीसाठी शेजारी बंद करताना जे नोटिफिकेशन जाते, त्यासोबत कारणाची एक ओळ पाठवता येते, आणि ती समोरच्याच्या लॉगमध्ये उमटते. पहाटे तीन वाजता सेशन तुटलेले पाहणाऱ्या अनोळखी अभियंत्याला त्या एका ओळीने किती धीर येतो, हे मी त्या जागी बसून अनुभवले आहे. २०१७ मध्ये हा मजकूर १२८ बाइटांपर्यंत असू शकत होता. २०२१ च्या आरएफसी ९००३ ने ती मर्यादा २५५ बाइटांवर नेली, कारण हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि अनेक लिप्यांमध्ये एका चिन्हाला एकाहून अधिक बाइट लागतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून, तीन बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हे होतात, आणि ‘देखभालीसाठी बंद, दोन तासांत पुन्हा सुरू करतो’ एवढे त्यात सहज बसते.